पगार कापण्याआधी

आपलं बाळ सांभाळायला येणाऱ्या ताई स्वतःचं मूल सोबत आणणार असतील तर पगार कमी ठरवावा, असा सल्ला एका लेखात वाचला; मला तो अर्धाच पटला. मीही तेच करून पाहिलंय. ताईंनी १८ हजार सांगितले. मी म्हटलं, मुलगी आणणार ना, मग १५. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तिला पाळणाघरात ठेवलं तर मला १८ पण पुरणार नाहीत." पुढे बोलताच येईना.

शेवटी १७ वर जमलं. दोघींचं दूध-जेवण आमच्याकडे, आणि मुलीला ताप आला तर सुट्टी, महिन्यातल्या दोन दिवसांचा पगार न कापता. ही तापाची गोष्ट आधीच बोलून घ्या, खरी भांडणं तिथेच होतात. बाकी खेळणी फुटणं वगैरे चालायचंच.

गंमत बघा, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते. माझ्या ऑफिसात ती आहे. ताईंचं ऑफिस म्हणजे माझं स्वयंपाकघर. तिथे त्यांची पोरगी ओट्याखाली बसून माझ्या लेकाला वाटाणे मोजायला शिकवते, पाचानंतर थेट आठ.