न्यूट्रल कुठे आहे?

परवा रात्रीपासून आमच्या नातेवाइकांत माझी ओळख 'दोन चकत्या न दिसलेले जावईबापू' अशी झाली आहे. ही ओळख मला मान्य नाही. चकत्या मला दिसल्या होत्या. त्या फिरवायच्या नाहीत, असे मी पूर्ण विचारान्ती ठरवले होते, आणि विचारान्ती केलेल्या चुकीला आंधळेपणा म्हणणे हा अन्याय आहे. परंतु हा फरक समजावून सांगायला जावे, तर समोरचा माणूस आधीच हसू लागलेला असतो.

प्रकरण एका जुन्या ॲनालॉग जॉयस्टिकचे, म्हणजे खेळातले विमान वळवायच्या दांड्याचे, आणि तिच्या बुडाशी असलेल्या दोन चकत्यांचे आहे. माझ्याकडे डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारा, ४८६ प्रोसेसरचा एक संगणक आहे आणि त्यावर विमान उडवण्याचा एक खेळ आहे. तो खेळ कीबोर्डवर खेळणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणे होय. म्हणून मी जॉयस्टिक मिळवली. विकणाऱ्याने 'तपासलेली, चालू स्थितीत' असे लिहिले होते. तिच्यातले नेमके काय चालू होते, ते लिहिले नव्हते. माझ्या मते तो तिच्या वायरीविषयी बोलत असावा.

पहिली संध्याकाळ मी ती चुकीच्या भोकात घालून बसलो होतो, हे येथेच कबूल करून टाकतो. जॉयस्टिकचा प्लग पंधरा पिनांचा, दोन ओळींचा. मॉनिटरचाही पंधरा पिनांचाच, पण तीन ओळींचा. तेथे फसगत होत नाही. मात्र जुन्या नेटवर्क कार्डावर जाड इथरनेटच्या काळातले जे सॉकेट असते, तेही पंधरा पिनांचे आणि दोनच ओळींचे. टेबलामागे मान घालून, एका हाताने विजेरी धरून, चाचपडत प्लग लावणाऱ्या माणसाकडून यापेक्षा जास्त विवेकाची अपेक्षा करू नये.

प्लग योग्य जागी गेल्यावर संगणकाने जॉयस्टिक नसल्याचे जाहीर केले, आणि थोड्या वेळाने असल्याचे, आणि पुन्हा नसल्याचे. याचे कारण शोधण्यात दुसरी संध्याकाळ गेली. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी गेम पोर्टचे, म्हणजे जॉयस्टिक लावायच्या सॉकेटचे, कार्ड काढले, तेव्हा त्याला षोडशमान पद्धतीतला २०१ हा पत्ता दिला, आणि पुढे सगळ्यांनी तोच पाळला. माझ्या साउंड कार्डावर एक गेम पोर्ट आहे आणि हार्ड डिस्क-फ्लॉपीच्या कार्डावर आणखी एक. दोघेही २०१ वर राहतात. पोस्टमनने हाक मारली की दोघेही एकदम 'ओ' देतात आणि पत्र फाटते. एकाला गप्प करायचे, तर त्याच्या कार्डावरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी, काढावा लागतो. त्या कार्डावर सात जंपर आहेत आणि कशाचा काय उपयोग, हे छापण्याइतकी जागा असूनही तेथे काहीही छापलेले नाही. पाचवा बरोबर निघाला. तिसरा अजून कपाटाखाली आहे. त्यावाचून अद्याप काही अडलेले नाही, आणि हेच मला अस्वस्थ करते.

मग मी डॉसबरोबर येणाऱ्या क्यूबेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन ओळींचा प्रोग्राम लिहून जॉयस्टिकचे आकडे पाहू लागलो. उभ्या अक्षाचा आकडा हवा म्हणून मी 'स्टिक(१)' विचारले, तर उत्तर शून्य. दांडा कसाही हलवला तरी शून्य. जॉयस्टिक मेली असे समजून मी तिला शोकपूर्वक बाजूला ठेवली आणि मग पुस्तकात वाचले की आधी 'स्टिक(०)' विचारावेच लागते. दोन जॉयस्टिकांचे मिळून जे चार अक्ष, त्या चारहींचे मोजमाप त्याच क्षणी होते आणि बाकीचे तीन फक्त त्या वेळचे आकडे सांगतात. थोरल्याला विचारल्याशिवाय धाकटा तोंड उघडत नाही, अशी ही घरंदाज भाषा आहे. थोरल्याला विचारले, तेव्हा आकडे आले. पण ते ९४, ३१, ९७, १८० असे, दांड्याला हातही न लावता, नाचत आले. दांड्याबरोबर फिरून विजेचा रोध कमीजास्त करणारा जो पॉट असतो, त्यातल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की असे होते. जॉयस्टिक उघडली (एक स्क्रू रबरी पायाखाली लपवलेला असतो, लपवणाऱ्याचे भले होवो), कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दांडा शंभरेक वेळा गरगरा फिरवला आणि झाकण लावले. नाच थांबला.

पण आता विमान उजवीकडे झुकत होते. मी दांडा सोडून दिला तरी, हात वर करून बसलो तरी, विमान सावकाश, खानदानी आबात उजवीकडे वळत जाई आणि मोठे वर्तुळ काढून जमिनीला भेटे.

नेमक्या या वेळी मामा आले.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. त्यांनी छत्तीस वर्षे लोकांना मोटार चालवायला शिकवले. शिकाऊ माणसाच्या शेजारी, आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक घेऊन, ज्याने छत्तीस वर्षे काढली आहेत, त्याचा दुसऱ्याच्या कर्तृत्वावर विश्वास बसणे अवघड असते. ते माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, किंचित मागे, म्हणजे अगदी त्यांच्या हक्काच्या जागी खुर्ची ओढून बसले. विमान तिसऱ्यांदा जमिनीकडे निघाले, तेव्हा त्यांनी उजवा पाय फरशीवर करकचून दाबला. विमान आदळले. मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की ब्रेक मी काढून ठेवला असावा.

"जावईबापू, हा गिअर कितीचा आहे?"

"मामा, हा गिअर नाही. जॉयस्टिक आहे. विमानाची दिशा बदलते."

"असू दे. न्यूट्रल कुठे आहे?"

"मध्यभागी."

"मध्यभागीच आहे की आत्ता. मग गाडी उजवीकडे का ओढते?"

हाच प्रश्न मी तीन दिवस स्वतःला विचारत होतो, त्यामुळे मला तो फार लागला. राग आवरण्यासाठी मी समजावून सांगायला घेतले, आणि ती माझी खरी चूक. मी म्हणालो, की मामा, ही जॉयस्टिक संगणकाला आकडा देतच नाही. तिच्यात शंभर किलोओहमचे दोन पॉट असतात. संगणक २०१ वर काहीतरी लिहितो, त्यासरशी कार्डावरचा टायमर सुरू होतो आणि एक लहानसा कपॅसिटर त्या पॉटमधून भरू लागतो. दांडा एका टोकाला असेल तर तो साधारण २४ मायक्रोसेकंदांत भरतो, दुसऱ्या टोकाला असेल तर सुमारे ११२४ लागतात. तोवर संगणक नुसता 'भरला का, भरला का' विचारत मोजत बसतो. जितके मोजून झाले, तितका दांडा वळलेला. नळाखाली बादली लावायची आणि ती भरेपर्यंत एक, दोन, तीन म्हणत राहायचे, तसे.

मामांनी डोळे मिटून बादली भरू दिली. मग म्हणाले, "आणि मोजणारा भरभर मोजणारा असला तर?"

"तर आकडा मोठा येतो."

"म्हणजे मोजणारा बदलला की बादली मोठी होते?"

"होय."

"आणि असल्या हिशोबावर तुम्ही विमान उडवता?"

मी गप्प बसलो. आयबीएमच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. खरे सांगायचे तर हा हिशोब मलाही खटकतो. मोजायचे काम प्रोसेसरवर ढकलले की कार्ड स्वस्तात होते हे समजते. पण मग प्रत्येक नव्या वेगाच्या प्रोसेसरबरोबर दांड्याचा अर्थ बदलतो. हे लक्षात आल्यावर काही कार्डांच्या पाठीला वेग जुळवण्याचा खटका बसवण्यात आला, म्हणजे दुखण्यावर बटण लावण्यात आले. डॉसमध्ये तर जॉयस्टिकसाठी सामाईक व्यवस्थाच नाही. प्रत्येक खेळ नव्याने ओळखपरेड घेतो: दांडा वर-डावीकडे न्या, बटण दाबा, खाली-उजवीकडे न्या, बटण दाबा. एकाने शिकलेले दुसऱ्याला सांगायची पद्धत नाही. मी या आठवड्यात इतक्या वेळा वर-डावीकडे गेलो आहे की झोपेत माझा हात तिकडे जातो, अशी तक्रार घरातून आली आहे.

दरम्यान मामांची नजर कॅबिनेटवर गेली. "हे टर्बो काय आहे?" असे म्हणून, उत्तराची वाट न पाहता, त्यांनी ते दाबले. वेग दाखवणाऱ्या पुढच्या पाटीवर ६६ चे ३३ झाले. (या पाटीविषयी एक दुःखद गोष्ट सांगतो: ती काहीच मोजत नाही. दोन्ही आकडे पाठीमागच्या जंपरांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. मनात आणले तर तेथे ९९ दिसू शकते. माझ्या ओळखीतले बरेच लोक अशाच पाटीवर आयुष्य काढतात.) पाटी खोटी असली तरी वेग खरोखर कमी झाला होता. मोजणारा रेंगाळला, आकडे घसरले, आणि आमच्या या खेळाला वाटले की मी दांडा डावीकडे पुढे रेटला आहे. विमानाने नाक खाली घातले. मामांनी फरशीवर दोन्ही पाय दाबले.

"क्लच सोडलात तुम्ही," ते म्हणाले.

मी टर्बो पूर्ववत केले. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि जॉयस्टिकच्या बुडाशी असलेल्या दोन दातेरी चकत्यांकडे बोट केले. एक दांड्याच्या डावीकडे, एक खाली.

"या कशाला आहेत?"

"त्या ट्रिमच्या, मध्य सरकवायच्या. त्यांना हात लावायचा नाही."

"का?"

येथे माझी भूमिका नोंदवून ठेवतो, कारण नंतर ती कोणी ऐकून घेतली नाही. चकती फिरवली की आतला पॉट जागच्या जागी थोडा वळतो आणि दांड्याचा मध्य सरकतो. पण खेळ स्वतः कॅलिब्रेशन, म्हणजे ती ओळखपरेड, करतो. मध्य ठरवण्याचे काम एकाने करावे, दोघांनी करू नये, असे माझे मत होते. २०१ वर दोघे राहिल्याचा परिणाम मी नुकताच भोगला होता. ही भूमिका तर्काला धरून आहे. तिच्यात एकच उणीव होती. आमचा खेळ दोन टोके विचारतो, मध्य विचारतच नाही. दोन टोकांची सरासरी काढून तोच मध्य समजतो. आणि मी साफसफाई करून झाकण लावताना एक चकती टोकापर्यंत सरकलेली होती, त्यामुळे दांडा उजवीकडे पुरता जाण्याआधीच पॉटची पट्टी संपत होती. सरासरी एकीकडे, खरा मध्य दुसरीकडे. हे सगळे मला नंतर, रात्री दीड वाजता, मल्टिमीटर लावल्यावर कळले.

मामांना यातले काही कळायची गरज पडली नाही. "न्यूट्रल ढिला झाला की असंच होतं," असे म्हणून त्यांनी दोन बोटांनी चकती हळूच फिरवली, एखाद्या लहान मुलाचा कान फिरवावा तशी. विमान सरळ झाले. थोडे डावीकडे गेले, त्यांनी चकती जराशी मागे घेतली, आणि ते पुन्हा सरळ झाले. क्षितिजाची रेषा पडद्यावर आडवी, निश्चल. तीन दिवसांत ती मी पहिल्यांदाच आडवी पाहत होतो.

मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी दांडा हातात घेतला आणि विमान न वळवता, न उतरवता, वीस मिनिटे नुसते सरळ नेले. मग उठले, आतल्या खोलीत गेले, आणि आतून हसण्याचा आवाज आला.

तेव्हापासून फोन येत आहेत. "चकत्या फिरवल्यात का?" असे विचारणारे निदान विषयाला धरून असतात. बाकीचे सल्ला देतात. यूएसबीचा ॲडाप्टर घ्या, असे चौघांनी सांगितले. तो ॲडाप्टर जुनी जॉयस्टिक नव्या संगणकाला जोडण्यासाठी असतो, कारण २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टला घराबाहेर काढले. माझा संगणक जॉयस्टिकपेक्षाही जुना आहे आणि त्याला यूएसबी नावाची वस्तू ठाऊक नाही, हे चौघांनाही सांगून झाले. एकाने विचारले की हाच खेळ नव्या संगणकात जुन्याचे सोंग आणणाऱ्या इम्युलेटरवर दोन मिनिटांत चालतो, मग हा खटाटोप कशाला. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि म्हणूनच तो विचारणाऱ्याशी मी सध्या बोलत नाही. तीन संध्याकाळी मी जंपर, पॉट, पत्ता आणि पट्टी यांच्याशी झुंजलो, ते कोणी मोजत नाही. शेवटी बोट कोणाचे लागले, तेवढेच मोजले जाते. जंपर काढला नसता तर मामांनी चकती फिरवून काय होणार होते? पॉट धुतला नसता तर? हे मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "हो, पण चकती तूच हलवली होतीस ना?"

काल रात्री मी दोन्ही चकत्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून त्या जागच्या जागी बसवून टाकल्या.

आज सकाळी विमान डावीकडे झुकते आहे. अगदी किंचित, मुद्दाम पाहिल्याशिवाय लक्षात येणार नाही. मामांना मी हे कळवलेले नाही.