पाजायला उठलात म्हणून पगार कापता येत नाही

नोकरदार आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एक मेसेज फिरतोय: ‘26 आठवड्यांची रजा संपली की कायद्याचं संरक्षण संपलं. कामाच्या वेळेत बाळाला पाजायला गेलात तर तेवढा पगार कापला जातो.’ हे चूक आहे. पगार कापला जाईल या भीतीने कुणी बाळाचं अंगावरचं दूध तोडू नये, म्हणून हा खुलासा.

मातृत्व लाभ कायदा 1961 चा. 26 आठवडे आले 2017 च्या दुरुस्तीने. पण रजेवरून परतलेल्या आईला बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायची सुट्टी मिळते, तीही जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. त्या वेळेचे पैसे कापायला कायद्यातच मनाई आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. मागणी लेखी करा, पोच घ्या.

दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात किंवा घरकामात मात्र हा आधार नाही, आणि गरज तिथेच जास्त आहे. अशा वेळी दूध काढून ठेवता येतं. हात धुवा, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने दूध काढा, झाका. सावलीत, गार जागी ते चार तास टिकतं, फ्रीजमध्ये आत ठेवल्यास 24 तास. पाजताना वाटी कोमट पाण्यात धरा, गॅसवर तापवू नका.