एक पाय हवेत

नालासोपाऱ्याला सकाळच्या लोकलमध्ये चढावे लागत नाही. फलाटावर नेमक्या जागी उभे राहिले की मागची मंडळी आपल्याला चढवतात. परवा मी असाच चढवला गेलो, तेव्हा डावा पाय कसाबसा टेकला, उजव्याला मात्र जागा न मिळाल्याने तो हवेतच राहिला. समोरच्या गृहस्थांनी पोटाशी धरलेल्या सॅकमधला जेवणाचा डबा माझ्या बरगडीत रुतत होता आणि त्यांचा मोबाइल माझ्या नाकासमोर होता. गर्दीवर उतारा म्हणून मुंबईत हेलिकॉप्टरची शटल सेवा सुरू करावी, असे त्यावर कोणीतरी कळकळीने लिहिले होते. रेल्वेच्याच हिशेबाने ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, त्यामुळे मान वळवण्याची सोय नव्हती आणि मला ते वाचावेच लागले.

मग मी हिशेब मांडला. १२ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी पाचएक हजार माणसे असतात आणि लहान हेलिकॉप्टरमध्ये पाच बसतात. म्हणजे आमच्या एका गाडीला हजार हेलिकॉप्टरे लागणार, आणि मागची गाडी तर तीन-चार मिनिटांत येऊन ठेपते. शिवाय उड्डाणापूर्वी माणसाचे व सामानाचे वजन करतात म्हणे. ते होईपर्यंत आमची माणसे थांबतील, हे काही मला पटेना. हेलिकॉप्टर टेकण्याआधीच उडी मारून खिडकी पकडणारे, रुमाल टाकून मित्राची जागा धरणारे आणि पाच जण बसल्यावर "जरा सरकून घ्या" म्हणणारे सहावे गृहस्थ मला स्पष्ट दिसू लागले. भाईंदरच्या खाडीवर, भर आकाशात, "बोरिवलीला उतरायचे होते तर विरारच्या हेलिकॉप्टरमध्ये चढलात कशाला?" हा वादही कानांवर आला.

बरे, उतरायचे कुठे? जुहूला १९२८ पासून विमानतळ आहे. पण तिथून रिक्षाने अंधेरी स्टेशन गाठायचे आणि चर्चगेटसाठी पुन्हा हीच लोकल पकडायची, तर ती नालासोपाऱ्याहूनच भरून आलेली असणार.

"अंधेरी का?" डब्याचे मालक विचारते झाले. मी उत्तर देण्यापूर्वीच उतरणाऱ्या लोंढ्याने मला फलाटावर नेऊन ठेवले. उजवा पाय जमिनीला लागला तो तिथेच; नालासोपारा ते अंधेरी हा त्याचा प्रवास पूर्णपणे हवाई झाला होता, तोही मासिक पासावर.