वेग वाढवला की विमान जास्त चढतं? नाही!

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'विमान जेवढं वेगात, तेवढं झपाट्याने वर चढतं. पंखांची लिफ्ट (वर उचलणारा जोर) वजनापेक्षा वाढते म्हणून ते चढतं. चढत नसेल तर नाक आणखी वर करायचं.' तिन्ही वाक्यं चूक आहेत आणि तिसरं तर जीवघेणं आहे. शिरपूर-जळगावला पोरं विमान उडवायला शिकतात, म्हणून हे नुसतं सोडून देववत नाही.

शिकाऊंच्या हाती हमखास असणारं सेसना १७२ घ्या. समुद्रसपाटीला फुल थ्रॉटलवर सरळ उडवलं तर त्याची १७२एस आवृत्ती साधारण १२६ नॉट (ताशी सुमारे २३३ किलोमीटर) गाठते. त्या वेगाला चढण्याचा दर किती? शून्य! इंजिनाची सगळी ताकद हवेचा विरोध कापण्यातच खर्ची पडते. मिनिटाला सातशेच्या वर फूट मिळतात ते ७४ नॉटला, कारण शिल्लक ताकद तिथे सर्वांत जास्त असते. या शिल्लक ताकदीला वजनाने भागलं की चढण्याचा दर निघतो. त्याहून हळू गेलात तरी शिल्लक घटतेच; पंख जास्त तिरपे धरावे लागतात आणि त्यानेच विरोध वाढतो. भरधाव विमान नाक उचलताच झपकन वर जातं, हे खरं. पण ती जमवलेली गती खर्च होत असते. १२६ वरून ७४ वर येईपर्यंत तिच्यातून साधारण साडेचारशे फूट मिळतात, मग संपलं.

लिफ्टचं म्हणाल, तर एका लयीत चढणाऱ्या विमानाची लिफ्ट वजनापेक्षा किंचित कमीच असते. उरलेला भार इंजिनाचा जोर पेलतो.

आता नाक. ६२ नॉटला चढ सर्वांत उभा असतो. धावपट्टीपुढे झाडं असतील तर तो कामाचा. मिनिटाच्या हिशोबात मात्र ७४ च पुढे. वेग ६२ च्याही खाली गेला तरी नाक वर ओढत राहिलात, तर पन्नासच्या आसपास पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे लिफ्ट एकदम ढासळून ते खाली येऊ लागतं.

आपल्याकडच्या मे महिन्यात तर हे फारच जपायला हवं. ४४ अंशांत जळगावची हवा विमानाला साडेचार हजार फुटांवरची, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवरची वाटते. इंजिन आणि प्रोपेलर दोन्ही मंदावतात, शिल्लक आटते, विमान रेंगाळत चढतं. नेमका तेव्हाच नाक ओढायचा मोह होतो. तेव्हा मॅन्युअलमधल्या तक्त्यातला वेग काट्यावर धरून ठेवायचा, आणि जमेल तिथे उड्डाण सकाळीच, कमी वजनात करायचं.