‘11 महिन्यांचा करार नोटरीवर भागतो’ म्हणे!

घरमालकांना भाड्याचं गणित शिकवणाऱ्या कुठल्याशा शिबिरातले चार ‘सुवर्णनियम’ व्हॉट्सॲपवर फिरताहेत. आता ते आईच्या भिशीच्या ग्रुपवरही आले, आणि त्यातल्या दोघींची घरं भाड्याने दिलेली आहेत. तेव्हा गप्प बसून चालणार नाही.

‘करार 11 महिन्यांचा ठेवा, म्हणजे नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.’ हा सगळ्यात महागात पडणारा नियम. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, हे 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे; 11 महिन्यांची पळवाट तिथून आली. महाराष्ट्रात ती बंद होऊन जमाना झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 काढून वाचा: लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता घर वापरायचा परवाना) असो वा भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. चुकलात तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत घर भाड्याने घेणारा सांगेल ते ग्राह्य. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तुम्ही म्हणणार भाडं 20,000, तो म्हणणार 12,000. बसा पुरावे शोधत.

उलट नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर राहत्या घरासाठी त्याच कायद्याचं कलम 24 हाताशी असतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दिवाणी दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. घर अडवून ठेवल्याबद्दल भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागते ती वेगळीच. नोटरीचा कागद घेऊन गेलात, तर पहिला वाद त्या कागदावरच.

आणि वाचवायचे किती? महिना 20,000 भाडं, लाखभर परतीचं डिपॉझिट, 11 महिने: एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. सहाशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1000. एजंटाचे पैसे वेगळे, पण ते कायद्याच्या नावावर खपवू नका.

‘12 वर्षं राहिला की घर त्याचं, म्हणून दर 11 महिन्यांनी माणूस बदला.’ नाही. तुमच्या परवानगीने, भाडं देत राहणाऱ्याचा ताबा ‘प्रतिकूल’, म्हणजे मालकी मिळवून देणारा, ठरत नाही. मग 12 काय, 30 वर्षं राहू दे. अर्धं खरं एवढंच, की भाडेपट्टा संपल्यावर ताब्याचा दावा लावायला मुदत कायद्यात (लिमिटेशन ॲक्ट) 12 वर्षं दिलेली आहेत. तेवढा काळ हातावर हात ठेवून बसलात तर हक्क जातो. दर 11 महिन्यांनी माणूस बदलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

‘ऐकत नसेल तर वीज-पाणी तोडा.’ भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 नेमकं यालाच मनाई करतं. अडकाल तुम्हीच.

‘पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली की झालं.’ ती द्यायची, टाळायची नाही. पण तिची पावती दाखवून ताबा मागता येत नाही.