खोक्यावर लिहिलेलं वाचून प्रिंटर घेऊ नका

ऐन लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरने मान टाकली. फ्यूजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग, गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मीही टाकली.

नवा घ्यावा तर कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीवर. "अहो, तोच बदला की!" असं दुकानदारासकट सगळे म्हणाले. बदलायचा कसा? मराठी फॉन्टचं लॉक (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत) कॉम्प्युटरच्या मागच्या पॅरलल पोर्टात बसतं, नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. आणि वीस वर्षांच्या पत्रिका पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फॉन्टांत. आजच्या युनिकोड फॉन्टांत नेताना 'चि. सौ. कां.'ची काय खिचडी होते ते ज्याने प्रूफं तपासलीत त्यालाच ठाऊक.

खोक्यांवर 'विंडोज ७ आणि पुढे'. पण खरा प्रश्न खोक्यावर नसतोच. प्रिंटरला भाषा कोणती कळते, ते विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच लेझरना स्वतःची अक्कल नसते. पानाचं चित्र कॉम्प्युटरने तयार करून द्यायचं, यांनी नुसतं उमटवायचं. म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरकडून प्रिंटर चालवून घेणारा प्रोग्रॅम) हवा. तो एक्सपीसाठी निघाला नसेल तर विषय संपला. पण ज्याला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांसारखी अनेक कंपन्या वापरतात ती प्रिंटरची भाषा कळते, त्याला ड्रायव्हर कुणाचा याचं फारसं सोयरसुतक नसतं.

मी ऑफिसातून निघालेला एक सेकंडहँड नेटवर्क लेझर पाहिला. विक्रेत्याला म्हटलं, आधी कॉन्फिगरेशनचं पान (प्रिंटर स्वतःची माहिती छापतो ते) काढ. त्यावर 'पीसीएल ५ई' दिसलं आणि तिथेच पैसे मोजले. एक्सपीच्या ड्रायव्हरांच्या यादीत 'एचपी लेझरजेट ४' आधीपासूनच असतो. तो प्रिंटर १९९२चा, इंचाला ६०० ठिपके (डीपीआय) उमटवणारा, भाषा हीच. माझा प्रिंटर भलत्याच कंपनीचा, तरी तोच ड्रायव्हर लावला. एक केबल थेट कॉम्प्युटरमधून प्रिंटरमध्ये, दोघांना हाताने आयपी पत्ता, मग एक्सपीत 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून प्रकार 'रॉ', पोर्ट नंबर ९१००. झालं. इंटरनेट त्या मशीनला मी देतच नाही. एक्सपीचे नियमित सुरक्षा-अपडेट ८ एप्रिल २०१४लाच थांबलेत.

पत्रिकेची प्रिंट ज्यावर काढतो तो ट्रेसिंग पेपर पहिलाच अडकला, तो प्रिंटरचा दोष नव्हे, मी वरच्या ट्रेमधून घातला होता. मागचं झाकण उघडून मॅन्युअल फीडने सरळ सोडला तेव्हा गणपतीच्या सोंडेची बारीक रेघही काळीभोर आली.

जुन्या प्रिंटरचा टोनर अर्धा भरलेला पडून आहे. कुणाकडे एचपी १०२० असेल तर घेऊन जा, फुकट.