जस्त बाराशे निघालं म्हणून इंजिन उतरवू नका

चाकण ते मार्केट यार्ड फेऱ्या मारणाऱ्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक ढकलपत्र फिरतंय : ‘ऑईलचा लॅब रिपोर्ट वाचण्याची पाच सूत्रं’. रिपोर्ट म्हणजे वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये कुठला धातू किती आहे, त्याची तपासणी. पत्राखाली कुणा ‘सीनियर इंजिनिअर’चा हवाला, नाव-गाव काही नाही. परवा ते माझ्या मामेभावाकडे पोचलं. त्याने आधी नाना पेठेत लायनर-पिस्टन किटचा भाव काढला आणि मग मला फोन केला. गाडी धूर मारत नाही, ऑईल खात नाही, शिरवळचं भाडं असलं की भरल्या मालाने कात्रजचा घाट चढते. तरी म्हणे, ‘दादा, मेस्त्री म्हणतो गाडी बोअरला आली, रिपोर्टातच आहे.’ म्हणजे सिलिंडर झिजले, इंजिन उघडायचं.

पहिलं सूत्र तर कळसच आहे. ‘जस्त किंवा कॅल्शियम ५०० पीपीएमच्या वर म्हणजे आत पितळ झिजतंय, नाहीतर ऑईल भेसळीचं आहे.’ (पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम.) अहो, जस्त, फॉस्फरस आणि कॅल्शियम ऑईल बनवणाराच घालतो! जस्त-फॉस्फरसचं संयुग कॅम-टॅपेटसारख्या घासणाऱ्या जागी पातळ थर धरतं आणि झीज रोखतं. कॅल्शियम, काही ऑईलांत मॅग्नेशियम, आम्ल मारतं आणि पिस्टन स्वच्छ ठेवतं. डिझेल इंजिनाच्या ऑईलचा सीलबंद डबा फोडून तपासला तरी जस्त साधारण हजार-बाराशेच्या घरात येतं. भावाच्या रिपोर्टात जस्त ११८० आणि तांबं ६. पितळात जस्तापेक्षा तांबं जास्त असतं. पितळ झिजत असतं तर तांबं सहावर थांबलं असतं का? उलट जस्त चारशेवर आलं असतं तर मी विचारलं असतं, मध्ये टॉप-अपला कुठलं ऑईल ओतलंस?

दुसरं, ‘लोखंड ५० च्या वर गेलं की इंजिन उतरवा, ५० च्या आत असेल तर बिनधास्त चालवा.’ लोखंड झिजेतून येतं, हे मान्य. लायनर, क्रँक, कॅम सगळे लोखंडाचेच. पण आकडा एकटा वाचायचा नसतो. भावाच्या रिपोर्टात लोखंड ५८. त्याच्या इंजिनातलं सहा लिटर ऑईल भरतं सव्वापाच किलो. त्यात ५८ पीपीएम म्हणजे सगळं मिळून ०.३ ग्रॅम लोखंड, आणि तेही १५,००० किलोमीटरमध्ये. हजार किलोमीटरमागे चारसुद्धा नाही. हेच ५८ तीन हजार किलोमीटरमध्ये आले असते तर मीच म्हटलं असतं, गाडी उभी कर. शिवाय सोबतीला कोण आहे ते बघायचं : क्रोमियम चढलं तर रिंग, शिसं-कथील चढलं तर बेअरिंग.

‘५० च्या आत बिनधास्त’ हा भाग तर जास्त घातक आहे. वापरलेल्या ऑईलमधले धातू मोजायची एक सर्वमान्य पद्धत म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ५१८५. ते मानक स्वतःच सांगतं की न विरघळलेले कण ही पद्धत अचूक मोजत नाही, काही मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचा आकडा कमी येतो. म्हणजे बेअरिंगचे पापुद्रे निघत असले तरी रिपोर्ट गोंडस दिसू शकतो. शंका असेल तर जुना ऑईल फिल्टर कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा, चकाकतंय का बघा, चुंबक फिरवा. त्याला लॅबचा खर्चही नाही.

तिसरं वाचून मात्र डोकं सणकलं. ‘लोखंड दिसलं की ऑईल काढा, दोन लिटर डिझेल भरा, पंधरा मिनिटं इंजिन चालवा, सगळं धुऊन निघतं.’ आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! १५डब्ल्यू-४० ऑईल १०० अंश तापल्यावरही साडेबारा सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचं माप) खाली जाता कामा नये. डिझेल ४० अंशालाच २ ते ४.५ असतं, तापलं की आणखी पातळ. क्रँकचं बेअरिंग आणि टर्बोचा शाफ्ट ऑईलच्या पडद्यावर तरंगतात, तो पडदाच काढून घेतलात तर पंधरा मिनिटांत जी झीज होईल ती वर्षभरात झाली नसती. वर थोडं डिझेल गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑईलच्या वाटांत, राहतं, पुढच्या रिपोर्टात इंधन दिसतं, आणि मग ग्रुपवर कुणीतरी सांगणार, इंजेक्टर गेले.

चौथं टीबीएनचं, म्हणजे ऑईलमध्ये आम्ल मारायची ताकद किती उरली त्या आकड्याचं. दहावरून सहावर आला म्हणजे ‘ऑईलचं ॲसिड झालं’ म्हणे. आम्ल मारण्यात खर्च होण्यासाठीच तो असतो. नव्याच्या निम्म्यावर आला की ऑईल बदलायचा विचार करायचा, इतकंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतंय, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा सावकाश उतरतो.

पाचवं, ‘लॅब कशाला, कागदावर एक थेंब टाका.’ यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. डाग एकसारखा पसरला तर ऑईल काजळी धरून ठेवतंय, मध्येच काळा गोळा बसला तर ती ताकद संपली. पण कागदाला लोखंड दिसत नाही, सिलिकॉनही दिसत नाही.

आणि भावाच्या रिपोर्टात खरं बघण्यासारखं सिलिकॉनच होतं, ज्याचा त्या पत्रात उल्लेखच नाही. सिलिकॉन ३४ आणि बरोबर ॲल्युमिनियमही वर. इंजिनाखालच्या ऑईल चेंबरला नुकतं सीलंट लावलं असेल तर सिलिकॉन एकटं चढतं. दोन्ही जोडीने चढले की धूळ समजायची, आणि चाकण-शिक्रापूर रस्त्यावर धुळीला काय तोटा! त्याला म्हटलं, एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढ आणि आत बोट फिरव. बोट मातकट निघालं, पाइपची क्लिप ढिली होती.

क्लिप बदलली, फिल्टर बदलला, इंजिन जागेवर आहे. पुढचा नमुना पाच हजारांवर : गरम ऑईल पडत असताना मधल्या धारेतून, कोरड्या बाटलीत. मेस्त्रीच्या ट्रेमधून अजिबात नाही. बाटलीवर किलोमीटर आणि ऑईलचा ग्रेड लिहायचा, आणि सोबत त्याच डब्यातलं थोडं कोरं ऑईल पाठवायचं.